फेरी अक्काची, नाव माझं

ज्योती नावाच्या बाईनं एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांत एक फेरी मारली, आणि ती फेरी तिच्याकडून चोरली गेली. कधी? खंडेनवमीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कुठं? औरादला, आमच्या घराच्या पडवीत, झेंडू आणि लिंबाच्या ताटासमोर. चोरणारा मी, तिचा सख्खा धाकटा भाऊ. मी पत्रकं लिहितो. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, शाळेच्या गळक्या छतासाठी लिहिली, आणि माझ्या प्रत्येक पत्रकाची सुरुवात अशीच असते: कुणावर, कधी, कुठं, कुणी. या शेवटच्या 'कुणी'समोर आजवर ठेकेदार आले, साहेब आले, गावचे पुढारी आले. माझं नाव तिथं पहिल्यांदा लिहितोय. 

आमचं घर औरादच्या कडेला, बिदरच्या रस्त्यालगत. पत्र्याचं छत, खाली शहाबादी फरशी. ती फरशी पायांनी घासून घासून अशी गुळगुळीत झाली होती, की आई ओल्या फडक्यानं पुसून गेली की आम्ही कडेकडेनं चालायचो. सकाळी डाळीच्या गिरणीची घरघर, दुपारी बसचे हॉर्न, आणि बिदरकडून मधूनच एखादं शिकाऊ विमान डोक्यावरून जायचं, तेव्हा पत्रे थरथरायचे आणि आई भाकरी थापता थापता वर बघून म्हणायची, "गेला बाई कुणाचा तरी लेक." जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगाची चटणी, चारच्या चहाबरोबर कधी चुरमुऱ्यांचा सुसला. घरात मराठी, शाळेत कन्नड, स्टँडवर दखनी. अप्पांचा ट्रॅक्टर अंगणात निंबाखाली उभा असायचा आणि त्याच्या मडगार्डवर बसायची जागा ज्योतीअक्काची. सीटवर ती कधी बसली नाही. तिला बसू दिलं नाही. पण गिअर कधी बदलायचा हे ती मडगार्डवरून अप्पांना सांगायची, आणि अप्पा ऐकायचे. "हिचे कान मिस्त्रीचे हाईत," असं चारचौघांत कौतुकानं म्हणायचे. तेवढंच म्हणायचे.

मी बिदरला डिप्लोमाला होतो तेव्हाची ही गोष्ट. अभ्यासासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला आणि नौबादच्या एका पोराकडून मी जुनं स्टिअरिंग स्वस्तात विकत घेतलं. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ असतो, खरी गाडी चालवल्यासारखा. हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल. त्याला रेसिंग सिम्युलेटर म्हणतात. स्टिअरिंग बरं होतं, पेडल मात्र प्लास्टिकची, खेळण्यातली वाटावीत अशी. ब्रेक दाबला की सगळा पेडलचा डबाच त्या गुळगुळीत फरशीवरून पुढं पळायचा. मी पायानं ओढून आणायचो, परत दाबायचो, परत तो पळायचा. अक्का भाजी निवडत दारात बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "तू गाडी चालवायलास का डबा ढकलायलास?" दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेल्यावर ती खुर्चीत बसली. संध्याकाळी आलो तर माझ्या सगळ्या वेळांच्या वर एक नवी वेळ होती. माझ्यापेक्षा चार सेकंद कमी. चार सेकंद म्हणजे थोडं वाटेल, पण या खेळात लोक दशांश सेकंदासाठी महिने घालवतात. मी हसलो आणि म्हणालो, "नशीब." ती म्हणाली, "व्हय, नशीबच. डबा भिंतीला टेकवला हुता म्या."

आता पेडल निवडायची वेळ आली. मी फोनवर चित्रं बघत बसायचो. मला लाल रंगाची, चकचकीत, तीन पेडलवाली हवी होती, कारण ती व्हिडिओतल्या मोठ्या खेळाडूंकडं असायची. अक्कानं फोन हातातून घेतला आणि विचारलं, "तीन कामून?"

"गाडीला तीन असतेत म्हणून."

"ह्या गाडीला गिअर हातात हाईत. क्लच नुस्ता निघताना लागतंय, त्ये बी बटनावर घेता येतंय. मला दोनच पाह्यजेत. पर दोन्ही माझ्या उजव्या पायाच्या टप्प्यात."

आता सांगतो. अक्काचा डावा पाय लहानपणी तापात गेला. चालताना ती गुडघ्यावर हात ठेवून चालते. म्हणून ट्रॅक्टरचा क्लच नाही, म्हणून सीट नाही, म्हणून मडगार्ड. हे मी इतक्या उशिरा का सांगतोय, ते शेवटी कळेल. तिचीच तशी अट आहे.

नौबादच्या त्याच पोराकडं लोखंडी पेडलांचा एक जुना संच होता. दिसायला ओबडधोबड, रंग उडालेला. पण त्याचा ब्रेक वेगळा होता. स्वस्तातला ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो. हा ब्रेक पायानं किती जोर लावला ते मोजायचा. मी नाक मुरडलं. अक्कानं तो हातानं दाबून बघितला आणि म्हणाली, "ह्योच." मी कारण विचारलं तर म्हणाली, "पाय किती खाली गेला ह्ये पायाला कळत न्हाई. किती दाबलं ह्ये कळतंय. भाकर थापताना हात किती खाली गेला ह्ये मोजतीस का म्हणून आईला इचार." आईनं चुलीपुढूनच उत्तर दिलं, "मला नका बाई तुमच्या गाडीत घेऊ."

मग ती पेडल इस्माईलचाचांकडं गेली. स्टँडमागं त्यांचं जीप-ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड. चाचांनी आधी सगळं उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "गाडी किदर है इसकी?" मी म्हटलं, गाडी नाही, टीव्हीसारखं आहे. चाचा अक्काकडं वळले. "तेरा भाई पागल हुआ क्या?" अक्का म्हणाली, "हौ चाचा. लेकिन काम मेरा है." त्या दिवसापासून चाचा फक्त तिच्याशीच बोलले. क्लचचं पेडल काढून टाकलं. ब्रेक सरकवून ॲक्सिलेटरच्या शेजारी आणला, दोन बोटं अंतरावर. टाच टेकवायला आमच्या कुळवाची झिजलेली पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, आणली. मातीत वर्षानुवर्षं फिरून ती आरशासारखी झाली होती. चाचांनी तिचा तुकडा कापून खाली बसवला, म्हणजे अक्काची टाच न उचलता एका पेडलवरून दुसऱ्यावर घसरत जायची. आणि डबा पळू नये म्हणून सगळं एका जाड शहाबादी लादीवर बोल्टनं आवळलं. लादीला भोकं पाडताना चाचांच्या दोन ड्रिल मोडल्या. तिसऱ्यांदा अक्का शेजारी बसून पाणी ओतत राहिली, तेव्हा भोक पडलं.

खरं काम होतं ब्रेकमधल्या रबराचं. पेडलमागं रबर जितकं कडक तितका पायाला जोर जास्त, पण तितकाच अंदाज पक्का. चाचांनी जीपचं जुनं बुश, कडक रबराचं नळकांडं, काढून दिलं. "बेटी, ये पत्थर है पत्थर. पाँव दुखेगा."

"दुखने दो. इसके पिच्छे कुछ नरम लगाव."

मग ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या चकत्या कापल्या. एक लावून बघ, दोन लावून बघ, पातळ लाव, जाड लाव. कुठली कुठली ते कळावं म्हणून अक्कानं त्यांच्यावर कुंकवाची बोटं उठवली होती: एक बोट नरम, दोन मध्यम, तीन कडक. पंधरा दिवस हेच चाललं. दुपारी अप्पा शेतात, आई जरा आडवी झालेली, आणि आतल्या खोलीतून फक्त टायर घासल्याचा आवाज आणि लोखंडाची खट-खट. ती पडद्याकडं फार बघायचीच नाही. कान लावून असायची. टायर ओरडायच्या आधी एक बारीक आवाज येतो म्हणायची, तेवढ्यावर थांबायचं. मला तो आवाज आजही ऐकू येत नाही. शेवटी जीपचं बुश आणि त्यामागं दोन-बोटी चकत्या दोन, असं ठरलं. मी खेळायला बसलो की बुश काढून नरम चकत्या घालायचो, कारण मला तो ब्रेक दबायचाच नाही. मी उठलो की ती काही न बोलता परत बुश घालायची. पाना कुठं ठेवायचा यावरून मात्र रोज भांडण.

हैदराबादच्या एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेनं तेव्हा एक स्पर्धा काढली होती. ऑनलाइन एकच रस्ता, महिनाभर कितीही फेऱ्या, ज्यांच्या फेऱ्या सगळ्यांत जलद अशा दहाजणांना बोलावणार, आठवडाभर परीक्षा घेणार आणि त्यांतल्या दोघांना सिम्युलेटरवर शिकवायला कामावर ठेवणार. पगार, राहायला जागा. अक्कानं ती जाहिरात तीनदा वाचली. तिला शिकवायला येत होतं. मला तिनंच तर शिकवलं. तिनं विचारलं, "ह्याच्यात माझं नाव घालता येतंय का?" खातं माझं होतं, मेल माझा, फोन माझा. नवीन खातं काढायला अर्धा तास लागला असता. मी मोबाईलमध्ये बघत म्हणालो, "नंतर बदलू."

हे दोन शब्द. पुढचं सगळं या दोन शब्दांत होतं, आणि ते उच्चारताना मी मान वरसुद्धा केली नव्हती.

एक मिनिट सत्तेचाळीसची फेरी तिनं मारली ती दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात. मी मागं उभा होतो. शेवटच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला तेव्हा जड लादीसुद्धा किंचित हलली. फेरी संपली, वेळ आली, आणि ती ओरडली नाही की हसली नाही. पायातली चप्पल शोधायला लागली. म्हणाली, "पाय कसा तापलाय बग." मी त्या पायाला हात लावला. खरंच तापला होता.

मग खंडेनवमी. आमच्या भागात या दिवशी हत्यारं पुजतात. शाळेत आम्ही आयुधपूजा म्हणायचो. ट्रॅक्टर धुऊन पुसून, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. कुळव, विळे, आईची उखळ, सगळं पडवीत मांडायचं. आमच्या घरात एक शिरस्ता आहे: जे हत्यार ज्याच्या हातचं, त्याला कुंकू त्यानंच लावायचं. ट्रॅक्टरला अप्पा, उखळीला आई. त्या वर्षी अक्कानं मला आणि चाचांच्या एका माणसाला लावून ती लादी पेडलांसकट पडवीत आणवली होती. तिला आजवर पुजायला काही नव्हतं. नवी निळी साडी नेसून, हातात ताट घेऊन ती उभी होती. आत गव्हाची हुग्गी शिजत होती, गुळाचा वास बाहेरपर्यंत येत होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हैदराबादहून एक बाई. आवाज स्पीकरवर होता, कारण माझे हात झेंडूच्या माळेत होते. बाई हिंदीत म्हणाल्या, तुमची फेरी पहिल्या दहात आहे, अभिनंदन. मग विचारलं, "गाड़ी आप ही ने चलाई है ना?"

अक्का माझ्यापासून एका हातावर होती. मी तिच्याकडं बघितलं. तीही बघत होती, आणि तिच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. अप्पा बघत होते, आई उलथनं हातात घेऊन दारात आली होती. मी म्हणालो, "जी. मैंने ही."

का म्हणालो, याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. खातं माझ्या नावावर होतं. अप्पांनी तिला एकटीला पाठवलं नसतं. पत्रकवाल्या माणसाला कारणं पाडणं अवघड नसतं. पण त्या क्षणी यातलं एकही कारण मनात नव्हतं. अप्पा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मला हवी होती. बस.

"माझं सिलेक्शन झालंय," मी म्हणालो.

अप्पा म्हणाले, "मग पूजा बी तूच कर. तुझं हत्यार हाय."

अक्कानं ताट माझ्या हातात दिलं.  मी पेडलांना कुंकू लावलं. आईनं हौसेनं ब्रेकच्या पेडलखाली लिंबू सरकवलं, ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवतात तसं, आणि म्हणाली, "दाब." मी पाय ठेवून दाबलं. अक्का ओरडली, "आई, आत मशीन हाय त्येच्या!" पण लिंबू फुटून रस लोखंडात गेला होता. सगळे हसले. संध्याकाळच्या आत अक्कानं ब्रेक खोलला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, उन्हात वाळवला, परत जोडला आणि मला कॉम्प्युटरवर आकडा दाखवला. "बग. पाय काढला की शून्यावर येतंय. काय झालं न्हाई त्येला." एवढंच बोलली. निघायच्या दिवशी पेडल पाशीसकट लादीवरून सोडवून गोणपाटात बांधूनही तिनंच दिली. इस्माईलचाचा स्टँडवर भेटले. "बेटी नै जारी?" मी म्हणालो, "घरात नको म्हणाले." दुसरं खोटं. घरात कुणी विचारलंच नव्हतं.

हैदराबादला मी बसलो. तिच्या पायासाठी घडवलेला ब्रेक माझ्या पायाला दगड. डावा पाय घालायला जागा नाही, उजवा घसरत नाही, टाच त्या पाशीवर उगाच नाचतेय. माझी फेरी दहाजणांत शेवटची, पुष्कळ मागं. दुसऱ्या दिवशी फोनवरच्या त्या बाई आल्या. खाली वाकून त्यांनी पेडलांकडं बराच वेळ बघितलं. कुळवाच्या पाशीवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "हे एका पायानं चालवणाऱ्या माणसासाठी बनवलंय. फार विचार करून बनवलंय. कोण आहे तो?"

दार परत उघडलं होतं. त्या बाईंनी स्वतः उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "जुनी घेतलीत. माहीत नाही."

औरादला उतरलो तेव्हा काय सांगायचं ते बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. आईला म्हणालो, "तुझ्या लिंबानं घात केला. आत रस गेला, ब्रेकच चालला नाही."  "माज्या हातानं झालं गं बाई," आई म्हणत राहिली. अक्का चुलीपुढं होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. शून्यावर आलेला आकडा तिनं मला स्वतः दाखवला होता. ती बोलली असती तर मी तिथंच उघडा पडलो असतो. ती परत चुलीकडं वळली आणि भाकरी उलटली. त्या वर्षापासून आईनं पूजेत लिंबू ठेवणं सोडलं. लोक विचारायचे, "ट्रॅक्टरला लिंबू न्हाई का ओ?" आई म्हणायची, "माझ्या हाताला गुण न्हाई." मी हे ऐकत जेवायचो.

पेडल गोणपाटातून परत निघाली नाहीत. ती लादी आता मोरीत आहे, धुणं आपटायला; बोल्टांची भोकं तशीच. पुढं अक्काचं लग्न झालं, भालकीकडं, मेहकरला. मी पत्रकं लिहायला लागलो, भाषणं करायला लागलो, आणि अन्याय या शब्दावर लोक टाळ्या वाजवायला लागले. तिशी ओलांडली. गेल्या महिन्यात मेहकरला गेलो तर अक्का शिलाई मशीनवर होती. मोटरवर चालणारं मशीन, खाली एकच पेडल, आणि त्या पेडलवर तिनं ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. मी खाली बघत राहिलो. मग सगळं बोललो. फोन, चाचा, हैदराबादच्या बाई, लिंबू.

तिनं शिवण थांबवलं नाही. "मला ठाव हाय. शून्यावर व्हतं त्ये."

"अक्का, मला माफ कर."

"माफी घेऊन काय करू? ब्लाऊजला लावू?" मग दोरा तोडला. "त्या बाईनं पाशीचं इचारलं म्हणालास. काय म्हणाली, परत सांग."

मी परत सांगितलं. फार विचार करून बनवलंय, असं म्हणाल्या. तिनं ते दोनदा म्हणायला लावलं. तिचा चेहरा मला बघवला नाही. ती हसत होती.

"पत्रकं काढतूस न्हवं?" ती म्हणाली. "कुणावर, कवा, कुटं, कुणी. माझं काढ. पर पाय पैला लिहू नको. फेरी पैली लिही. आन् आईला लिंबाचं सांग. आजच."

सांगितलं. त्याच संध्याकाळी, औरादला येऊन. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मग येवढी वर्षं मी कामून..." आणि उठून आत गेली. मी पडवीत बसून राहिलो. तिला परत काय द्यायचं, ते मला माहीत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्याकडं माझी मागणी आहे, आणि ती मी हात जोडून करत नाही. तुमच्याही घरात कुणाचं तरी काम दुसऱ्याच्या नावावर चाललंय. कुणाचं खातं, कुणाचा फोन, कुणाची सही, आणि काम करणारी व्यक्ती चुलीपुढं, मडगार्डवर, दारात बसलेली. तिला तुम्ही म्हणालाच असाल, नंतर बदलू. आज बदला. तो अर्धा तास आज काढा. आणि तुमचा फोन वाजला आणि पलीकडून कुणी विचारलं, हे कुणी केलं, तर तोंड उघडू नका. ती एका हातावर उभी आहे. फोन तिच्या हातात द्या.